आकडेसाहेबांचे एकशेसात कोटी रंग

माझे थोरले भाऊजी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहेत. वसाहतीत त्यांना सगळे 'आकडेसाहेब' म्हणतात. लोक कौतुकानं म्हणतात असा त्यांचा समज आहे, आणि तो दूर करण्याच्या फंदात आम्ही कुणी पडलेलो नाही.

माणूस वाईट नाही. व्यसन म्हणाल तर एकच: वस्तूंची माहितीपत्रकं पाठ करायची आणि समोरच्याला म्हणून दाखवायची. लग्न झालं त्या वर्षी पाण्याचे फिल्टर होते. पुढे दुचाकीची इंजिनं आली, मग गाद्यांतला फोम. चार वर्षांपूर्वी टीव्हीची पाळी आली आणि भाऊजींना आयुष्यात जे हवं होतं ते गवसलं, कारण टीव्हीच्या खोक्यावर जितके आकडे छापलेले असतात तितके दुसऱ्या कशावर नसतात.

टीव्ही घेण्याआधी त्यांनी दहा महिने अभ्यास केला. तेवढ्यात लोक घर बांधून राहायला जातात. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेली पानं, त्यांवर तीन रंगांच्या रेघा, आणि रोज जेवताना त्यांचं जाहीर वाचन.

"पॅनेल आठ बिटचा असला, तर लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी दोनशे छप्पन्न छटा," भाऊजी घास हातात तसाच धरून सांगायचे. "गुणाकार केला की एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा रंग. आणि दहा बिटचा असला, तर प्रत्येकी एक हजार चोवीस छटा. म्हणजे एकशेसात कोटी सदतीस लाख एक्केचाळीस हजार आठशे चोवीस!"

"मीठ सरकवता का जरा?" ताई म्हणायची.

ही ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षं छटा तपासते. मीही तिथेच आहे, पण माल रवाना करणाऱ्या टेबलावर. माझं काम गाठी मोजायचं, त्याला डोळे लागत नाहीत. ताईच्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, आणि ती स्वतः साडीवर राखाडी कोट घालून बसते. अंगावरच्या कपड्याचा रंग नमुन्यावर पडू नये म्हणून. समोर दिव्यांची पेटी. तीत नमुना ठेवायचा आणि आधी दिवसाच्या उजेडात बघायचा, मग दुकानातल्या, मग घरातल्या पिवळ्या दिव्यात. दोन तुकडे तुम्हाला-मला डोळे फोडून बघितले तरी सारखेच वाटतील. ताई एका नजरेत सांगते, "हा दुसरा किंचित हिरव्याकडे झुकलाय." मशिनवर घालून बघावं, तर झुकलेला असतो.

अशा बाईला भाऊजी रोज जेवताना रंग शिकवत होते.

अखेर खरेदीचा रविवार उजाडला. मलाही ओढून नेलं. शोरूममधल्या विक्रेत्या बाईंची भाऊजींनी आधी तोंडी परीक्षा घेतली. नेटिव्ह पॅनेल किती बिटचा? एचडीआर सपोर्ट आहे का? एचडीएमआय कुठल्या आवृत्तीचं? बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी एका शब्दाचंही उत्तर न देता टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चमकत्या स्टिकरकडे बोट दाखवलं. त्यावर होतं: एकशेसात कोटी रंग, एचडीआर, चार एचडीएमआय. भाऊजींचा चेहरा असा फुलला, जणू परीक्षेत त्यांनाच पैकीच्या पैकी गुण पडले. दहा महिने घासून अभ्यास केला तो शेवटी एक स्टिकर वाचण्यासाठी.

टीव्ही भिंतीवर लागला. संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा त्यावर समुद्र आणि मावळतीचं आकाश चालू होतं आणि भाऊजी बाजूला हात बांधून उभे होते. तो समुद्र यांनीच भरला असावा असे.

"कसा आहे?"

"मोठा आहे," ताई म्हणाली.

"अगं, रंग बघ, रंग!"

ती जवळ गेली, दोन पावलं मागे आली, डोकं जरा तिरकं केलं. कारखान्यात करते तसंच. "आकाशात पट्टे आहेत."

"कसले पट्टे?"

"वरून खाली रंग सावकाश गडद व्हायला हवा ना? इथे पायऱ्या पडल्यात. ही एक, ही दुसरी. सूर्याभोवती तर कडी दिसतायत."

"तुझ्या डोळ्यांना सवय नाही," भाऊजी हसून म्हणाले. "हे एचडीआर आहे, लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच चित्रात."

ताईनं पर्स खुंटीला अडकवली आणि ती हातपाय धुवायला गेली. तिच्या जागी मी असते तर तिथेच भांडले असते. तिचं म्हणणं असं, की ज्याला दिसत नाही त्याच्याशी रंगावरून वाद घालायचा नाही. कारखान्यात पहिल्याच वर्षी ती हे शिकली.

पुढे भाऊजींचा भाव वधारला. वसाहतीत कुणाला टीव्ही घ्यायचा झाला की आधी आकडेसाहेबांचा सल्ला. सल्ला एकच: आमचा आहे तोच घ्या. अकरा घरांत तोच टीव्ही लागला. प्रत्येक घरी भाऊजी स्वतः जाऊन केबल जोडायचे, चित्र भडक करणाऱ्या 'डायनॅमिक' सेटिंगवर टाकायचे, चहा घ्यायचे आणि एकशेसात कोटींचा आकडा शेवटच्या चोवीसपर्यंत म्हणून दाखवायचे. लोकही ऐकून घ्यायचे. फुकट केबल जोडून मिळत असेल तर माणूस बरंच काही ऐकून घेतो.

ही कीर्ती आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापकांच्या कानावर गेली. आमचे व्यवस्थापक म्हणजे नवीन काही दिसलं की हुरळणारा माणूस. त्यांच्या मनात आलं, गिऱ्हाइकांची डिझाइनं आता कॉम्प्युटरवर येतात, तर छटा तपासायच्या खोलीत एक मोठा स्क्रीन हवा. ताईला विचारलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. तिला न विचारता त्यांनी तिच्या नवऱ्याला बोलावलं. एका शनिवारी भाऊजी फाइल काखोटीला मारून आले, आणि पुढच्या आठवड्यात ताईच्या राखाडी भिंतीवर तोच टीव्ही झळकला. व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं दिव्यांची पेटी एक हात बाजूला सरकवून घेतली, कारण टीव्हीचा उजेड तिच्या नमुन्यांवर पडत होता.

महिन्याभरात पडद्यांचं काम आलं. रुग्णालयांना पडदे पुरवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना वरच्या टोकाला अगदी फिकट निळा आणि खाली त्याहून थोडा गडद, असं कापड हवं होतं. त्यांनी फक्त डिझाइनची फाइल पाठवली. ती टीव्हीवर उघडली, तर निळ्यात सरळ आडवे पट्टे. व्यवस्थापकांनी बोट लावून मोजले. बारा.

"बारा टप्प्यांत रंगवायचंय," ते म्हणाले.

"हे पट्टे डिझाइनचे नाहीत, साहेब," ताई म्हणाली. "टीव्हीचे आहेत. आमच्या घरच्यावरही दिसतात. त्या बाईंना एक फोन करून विचारा."

"गिऱ्हाइकाला शंका विचारली की त्याला वाटतं, यांना काम येत नाही." आणि त्यांनी फोन लावला तो भाऊजींना. स्पीकरवर लावला, म्हणून मीही ऐकलं; मी सहीसाठी कागद घेऊन तिथे उभी होते.

"पट्टे दिसतायत? मग पट्टे आहेत," भाऊजींचा आवाज आला. "एकशेसात कोटी रंग दाखवणारा पॅनेल आहे तो. त्यावर जे दिसतं ते शंभर टक्के खरं. बाकी बायकोच्या सांगण्यावर जाऊ नका, घरीसुद्धा तिचं हेच चालू असतं."

व्यवस्थापक हसले. ताई हसली नाही, चिडलीही नाही. तिनं ड्रॉवरमधून तपासणीची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "पट्टे स्क्रीनचे आहेत. गिऱ्हाइकाकडून कापडाचा तुकडा आल्याशिवाय छटा पास नाही." खाली सही, तारीख, वेळ. व्यवस्थापकांनी त्याच चिठ्ठीवर "तरी काम सुरू करावे" असा शेरा मारला आणि आपली सही ठोकली. शहाण्या माणसानं असं लिहून देऊ नये, पण शहाणा माणूस तिथे नव्हताच.

असं कापड रंगवायची रीत साधी आहे. उंचावर दांडीला कापड टांगायचं, सावकाश टाकीत सोडायचं आणि तितक्याच सावकाश वर घ्यायचं. जो भाग जास्त वेळ बुडतो तो जास्त गडद होतो. हात कुठेही थांबवायचा नाही, थांबला की रेघ. आमच्या रंगाऱ्यांनी वीस वर्षं न थांबण्याची सवय लावून घेतलेली. त्यांना आता मुद्दाम बारा वेळा थांबायला सांगितलं. टाकीवरचा म्हातारा रंगारी प्रत्येक थांब्याला एक शिवी हासडत होता. हळूच, पण मला ऐकू येईल अशी. तीन दिवसांत सगळा माल तयार झाला.

पडदेवाल्या बाई स्वतः माल बघायला आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीला चष्मा. गाठ सोडून कापड टेबलावर पसरलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुसला आणि पुन्हा चढवला.

"हे काय आहे?"

"पडद्याचं कापड," व्यवस्थापक म्हणाले.

"पडद्याचं? मला वाटलं, जिना रंगवलाय! पलंगावर पडलेल्या माणसानं दिवसभर याच्या पायऱ्या मोजायच्या का?"

"मॅडम, तुमच्याच डिझाइनमध्ये पट्टे आहेत. चला, दाखवतो."

सगळी वरात ताईच्या खोलीत आली. टीव्हीवर फाइल उघडली. पट्टे होतेच. बाईंनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि तीच फाइल त्यावर उघडली. त्यावर निळा रंग वरून खाली असा उतरला होता, की कुठे फिकट संपलं आणि कुठे गडद सुरू झालं, सांगता येईना. व्यवस्थापक एकदा टीव्हीकडे, एकदा लॅपटॉपकडे बघत राहिले. ताई मात्र पहिल्यांदाच पुढे वाकली आणि म्हणाली, "सुंदर आहे हो. हे आम्हाला जमेल."

व्यवस्थापकांनी दुपारीच टीव्हीच्या कंपनीचा मेकॅनिक बोलावला आणि भाऊजींनाही रजा टाकून यायला लावलं. भाऊजी आले ते फाइल घेऊनच. "पीस खराब निघाला असणार," दारातूनच त्यांनी जाहीर केलं. "पॅनेल उत्तम आहे."

मेकॅनिक निवृत्तीला आलेला, जाडजूड, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस होता. त्याला कसलीही घाई नव्हती. त्यानं खिशातली लहानशी डबी टीव्हीला जोडली आणि स्क्रीनवर एक साधं चित्र आणलं: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे राखाडी. राखाडीत पट्टे पडलेले. तो दोन क्षण बघून म्हणाला, "टीव्ही उत्तम चाललाय. काही बिघडलेलं नाही."

"मग पट्टे?" भाऊजी.

"आठ बिटचा पॅनेल आहे, साहेब. पट्टे दिसणारच. त्यात तुम्ही 'डायनॅमिक' लावून चित्र ताणलंय. कणीक थोडी आणि पोळी मोठी लाटायची म्हटली तर भोकं पडणार."

"आठ? स्टिकरवर एकशेसात कोटी लिहिलंय!"

"लिहितात. दोन शेजारच्या छटा भराभर आलटून-पालटून दाखवायच्या, की डोळ्याला मधली असल्यासारखी वाटते. त्या मधल्याही मोजून घेतात." त्यानं गुडघा चोळला. "फसतो डोळा बहुतेकांचा."

ताई दिव्यांच्या पेटीपाशी शांत बसली होती. भाऊजींनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "पण एचडीआर? एचडीआर सपोर्ट आहे ना?"

"आहे की. सपोर्ट म्हणजे तसा सिग्नल आला तर टीव्ही ओळखतो. ओळखतो असं लिहिलंय, दाखवतो असं कुठे लिहिलंय? दाखवायला पॅनेलमध्ये उजेड लागतो, काळ्या जागी स्क्रीनमागचा दिवा बंद करता यावा लागतो. याच्यात एवढूसा उजेड आहे." मग तो टीव्हीच्या मागे वाकला आणि त्याला हसू आलं. "आणि ही केबल कुणी जोडली?"

भाऊजी फाइल चाळू लागले. मी म्हणाले, "यांनीच."

"एचडीएमआयची चार भोकं आहेत, पण पूर्ण ताकदीचं एकच, पहिलं. तुम्ही तिसऱ्यात घातलीय. शिवाय मेनूमध्ये प्रत्येक भोकाचं सेटिंग असतं, तेही 'स्टँडर्ड'वरच ठेवलंय. म्हणजे कॉम्प्युटर दहा बिट पाठवेल म्हटलं, तरी इथे दारातच अडवलेलं. पुस्तकात पान सोळावर आहे सगळं."

दहा महिने अभ्यास केलेल्या माणसानं टीव्हीसोबत आलेलं पुस्तक उघडलं नव्हतं. ते बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

यानंतर व्यवस्थापकांनी जे केलं ते आम्हाला अपेक्षितच होतं. त्यांनी काखा वर केल्या आणि ताईकडे वळले. "बाई, छटा पास करायची जबाबदारी तुमची असते. तुम्ही ठामपणे सांगायला हवं होतं." ताईनं ड्रॉवर उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली. पडदेवाल्या बाईंनी ती उचलून मोठ्यानं वाचली. तारीख, वेळ आणि "तरी काम सुरू करावे" यासकट. मग त्या व्यवस्थापकांकडे पाठ करून बसल्या आणि पुढचं सगळं ताईशी बोलल्या. व्यवस्थापक मूग गिळून खिडकीपाशी उभे राहिले.

काम हातचं गेलं नाही. बाईंनी कापडाचा खरा तुकडा पाठवला, ताई दोन दिवस टाकीपाशी उभी राहिली, म्हाताऱ्या रंगाऱ्यानं न थांबता कापड सोडलं आणि वर घेतलं. तीन नमुने ताईनंच नापास केले. चौथा गेला. बारा पट्ट्यांच्या मालाच्या कारखान्यात फरशी पुसायच्या चिंध्या झाल्या आणि टीव्ही जेवणाच्या खोलीत गेला. तिथे त्यावर सामने छान दिसतात, कारण बॉल फक्त कुठे आहे ते कळलं की पुरतं.

घरी भाऊजींनी तीन दिवस आकडा तोंडातून काढला नाही. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा ते टीव्हीच्या मागे डोकं घालून उभे होते. केबल पहिल्या भोकात घातली, सेटिंग बदललं, 'डायनॅमिक' काढलं, आकाश लावलं.

"कमी झाले का?" त्यांनी ताईला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला रंगाविषयी प्रश्न विचारलेला मी ऐकला तो हा पहिला.

"झाले."

"पण आहेत."

"आहेत थोडे."

"मला आत्ताही दिसत नाहीत," भाऊजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले, डोळे बारीक केले, आणि त्यांना खरोखर काही दिसेना. मला त्यांची दया यावी अशी ती वेळ होती, आणि कुणाला आलीही असती. मला त्यांचं ते स्पीकरवरचं वाक्य आठवत होतं.

"तुम्ही फोनवर सगळ्यांसमोर जे बोललात ना," ताई म्हणाली, "त्याचं काय?"

भाऊजी रिमोटच्या मागचं झाकण उघडत-लावत राहिले. "चुकलं," ते शेवटी म्हणाले. "पण खोक्यावर तसंच लिहिलं होतं गं."

"खोकं तुमच्याशी संसार करतंय का?"

भाऊजींनी रिमोटचं झाकण लावलं आणि टीव्ही बंद केला.

मग त्यांना उपरती झाली आणि ते अकराही घरी केबल बदलायला निघाले. माफी मागितली म्हणाल, तर नाही. "नवीन माहिती हाती आलीय," अशी सुरुवात करायचे. दहा घरांत कुणाला फरक कळला नाही. तळमजल्यावरच्या आजींनी तर त्यांना रिमोटला हातच लावू दिला नाही. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मला सगळं मऊच दिसतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मधे उभे राहू नका, माझी मालिका चाललीय." भाऊजी म्हणे अर्धा तास तिथेच स्टुलावर बसून राहिले. पट्ट्यांची तक्रार कुणी केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. कुणी केली नाही.

परवा वरच्या मजल्यावर नवीन आलेलं जोडपं विचारायला आलं, टीव्ही कुठला घ्यावा. भाऊजींनी घसा साफ केला, "सर्वप्रथम पॅनेल—" म्हणाले आणि थबकले. मग आत बघून हाक मारली, "अगं, रविवारी यांच्याबरोबर दुकानात जातेस का?"

ताई गेली. मीही गेले, एवढी गंमत कोण सोडतो. तिनं विक्रेत्या बाईंना ते समुद्राचे आणि फुलांचे व्हिडिओ बंद करायला लावले आणि स्वतःच्या फोनमधलं, मेकॅनिकच्या चित्रासारखंच साधं राखाडी चित्र एकेका टीव्हीवर लावून बघितलं. स्टिकर एकाही टीव्हीचा वाचला नाही. बाई वैतागल्या, जोडपं कंटाळलं, सहावा टीव्ही ताईला पसंत पडला. सबंध वेळ भाऊजी तिची पर्स धरून मागे उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ते सुधारले असं मी म्हणणार नाही. पण एक तास तोंड मिटून उभं राहायला त्यांना किती जड गेलं असेल, याची मला चांगलीच कल्पना आहे, आणि तेवढ्यानं माझा रविवार झकास गेला.